पंचावन्नला सुरू होणारी थरथर

हातकणंगले मागे पडलं, रस्ता जरा मोकळा झाला आणि काटा पंचावन्नवर टेकला, की पायाखालचा पत्रा गुणगुणायला लागायचा. आधी फोर-व्हीलच्या ट्रान्सफर केसचा दांडा थरथरायचा, मग मधल्या आरशातली मागची उसाची ट्रॉली पुसट व्हायची. साठ-बासष्टला तो आवाज दातांपर्यंत पोचायचा. पाय काढला की पन्नासच्या आत सगळं शांत.

जीप माझ्या मित्राची. जुनी महिंद्रा, चारही बाजूंनी लीफ स्प्रिंगच्या पाट्यांवर बसलेली, पुढचा अ‍ॅक्सल सलग हाऊसिंगचा. ज्या विलीज जीपची जुळणी महिंद्रानं 1947 पासून मुंबईत सुरू केली, तिच्याच कुळातली ही गाडी, आणि खालून पाहिलं तर ते कूळ अजून ओळखू येतं. मित्रानं ती कोकणातून घेतली तेव्हाच आधीच्या मालकानं तिला उंच करून ठेवलं होतं. पुढे लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला टांगणारी कडी), पाट्यांच्या गठ्ठ्यात जादा पाटा आणि तीस इंची टायर. दिसायला रुबाबदार. पण महिनोन्‌महिने ही थरथर तिच्या अंगात होती आणि तिचा पत्ता कुणाला लागत नव्हता. व्हील बॅलन्सिंग झालं, अलाइनमेंट झालं, टायर मागचे पुढे झाले. शहरातल्या एका वर्कशॉपनं इंजिनचे रबर माउंट बदलून बिल हातात ठेवलं. थरथर होती तिथेच राहिली.

आम्हाला जायचं होतं खिद्रापूरला, कोपेश्वराच्या देवळात. कोल्हापूरहून शिरोलीवरून सांगली रस्ता धरायचा, जयसिंगपूरला वळून शिरोळ, नृसिंहवाडी, पंचगंगेवरचा पूल ओलांडला की कुरुंदवाड, आणि पुढे कृष्णेच्या कडेकडेनं खिद्रापूर. जानेवारीचे दिवस. साखर कारखाने भरात, रस्त्यावर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, हवेत मळीचा गोडसर आंबूस वास. ट्रॉलीच्या मागे वीस-पंचवीसच्या वेगानं चालताना जीप अगदी शहाण्यासारखी वागत होती. ओव्हरटेक करून मोकळं झालं की पुन्हा तेच.

जयसिंगपूरच्या अलीकडे एका सरळ पट्ट्यात मित्रानं साठच्या वेगात क्लच दाबला आणि गिअर न्यूट्रल केला. इंजिन खाली आलं, थरथर मात्र जशीच्या तशी. म्हणजे दोष इंजिनात नाही, क्लचमध्ये नाही. जे काही होतं ते चाकांच्या गतीबरोबर फिरणारं होतं. मग चाक की शाफ्ट? याचं उत्तर साध्या हिशोबात मिळतं. तीस इंची टायरचा परीघ सुमारे 2.4 मीटर. ताशी 60 किलोमीटरला चाक सेकंदाला सात फेरे घेतं. चाकाचा दोष असेल तर स्टेअरिंगला सेकंदाला सात धक्के बसतील, हाताला ते जवळजवळ मोजता येतात. हाऊसिंगमधलं क्राऊन-पिनियनचं प्रमाण पाचाच्या आसपास धरलं तर प्रोपेलर शाफ्ट त्याच वेळी सेकंदाला पस्तीस फेरे घेत असतो. आणि शाफ्टच्या टोकाचा क्रॉस जॉइंट तिरका चालत असेल तर तो एका फेऱ्यात दोनदा झटका देतो, म्हणजे सत्तर. हे मोजता येत नाहीत, त्यांची गुणगुण होते. आमच्या पायाखाली गुणगुण होती, स्टेअरिंग त्या मानानं निवांत होतं. चाकांवर इतका पैसा घालवण्याआधी एवढा विचार कुणी तरी करायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

नृसिंहवाडीत दत्ताचं दर्शन घेतलं. पावसाळ्यात पाणी वाढून पादुकांवरून वाहतं, तेव्हा दक्षिणद्वाराच्या स्नानाला इथे माणसांची रीघ लागते. जानेवारीत घाट कोरडा असतो, पायऱ्या मोजत पाण्यापर्यंत उतरता येतं. कवठाची बर्फी आणि बासुंदी बांधून घेतली. मग पूल ओलांडून कुरुंदवाडात शिरलो.

कुरुंदवाड हे पटवर्धनांचं संस्थान, थोरली पाती आणि धाकटी पाती अशी वाटणी झालेलं, 1948 मध्ये विलीन झालेलं. आज ते शिरोळ तालुक्यातलं बाजाराचं गाव आहे आणि बाजार आहे तो उसाचा, ट्रॅक्टरचा, खताचा. म्हणून इथल्या गॅरेजात मोटारीपेक्षा ट्रॅक्टर जास्त दिसतात. आम्ही थांबलो त्या गॅरेजासमोरही एक रोटाव्हेटर उलटा पडला होता आणि मिस्त्री त्याच्या पात्यांचे बोल्ट आवळत होते. वय साठीच्या पुढचं, खाकी शर्ट, कानावर खडू. मित्रानं थरथरीची सगळी कहाणी सांगितली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि एकच विचारलं, "पुढच्या चाकास्नी हब लॉक हाईत काय, पावणं?"

नव्हते. सरळ फ्लँज होते.

या प्रश्नात अर्धं निदान होतं. पुढच्या चाकांना सुटणारे हब असतील तर फोर-व्हील काढल्यावर पुढचा प्रोपेलर शाफ्ट उभा राहतो. फ्लँज असतील तर फोर-व्हील काढलेलं असलं तरी चाकं पुढचा अ‍ॅक्सल फिरवतात, अ‍ॅक्सल पिनियन फिरवतो आणि पिनियन शाफ्ट फिरवतो. ओझं न ओढताही तो दिवसभर फिरत असतो. गाडी दोन चाकांवर चालली आहे या समजुतीत पुढच्या शाफ्टकडे कुणी बघतच नाही.

"मग बोलत कशापाई बसायचं? काढून बघू की," मिस्त्री म्हणाले आणि खाली शिरले. आधी खडूनं दोन्ही फ्लँजवर आणि मधल्या स्लिप जॉइंटवर रेघा ओढल्या. ज्या दातात होता त्याच दातात परत बसला पाहिजे. मग दोन्ही टोकांचे चार-चार बोल्ट सोडले, शाफ्ट उतरवला आणि मागच्या सीटखाली आडवा टाकला. "आता जावा हेरवाडपतोर. फोर-व्हीलच्या दांड्याला हात लावायचा न्हाई."

हेरवाड म्हणजे विधवांवर लादलेल्या प्रथा बंद करण्याचा ठराव 2022 च्या मे महिन्यात करणारी ग्रामपंचायत, त्या ठरावामुळे महाराष्ट्रभर पोचलेलं गाव. त्या रस्त्यावर पंचावन्न, साठ, पासष्ट, सगळे आकडे पार झाले. दांडा स्थिर. आरशात मागची ट्रॉली स्पष्ट, तिच्यावर बसलेल्या पोराच्या गळ्यातला मफलरसुद्धा दिसत होता. मित्र काही वेळ काही बोललाच नाही.

परत आलो तेव्हा मिस्त्रींनी कारण समजावलं ते रोटाव्हेटरवरून. शिरोळ तालुक्यात हे सांगायला वेगळं उदाहरण शोधावं लागत नाही. ट्रॅक्टरच्या पीटीओपासून रोटाव्हेटरपर्यंत जो शाफ्ट जातो, त्यालाही दोन टोकांना दोन क्रॉस असतात. रोटाव्हेटर मातीत टेकलेला असताना शाफ्ट जवळजवळ सरळ असतो आणि गोड चालतो. बांधाकडेला वळताना चालकानं पीटीओ बंद न करता अवजार उचललं, की शाफ्ट तिरका होतो आणि खडखड सुरू होते. ती खडखड इथल्या प्रत्येक शेतकऱ्यानं ऐकलेली आहे. जीप उंच केली म्हणजे तेच केलं, फक्त कायमचं.

शास्त्र इतकंच की क्रॉस जॉइंट तिरका चालला तर एक बाजू एकसारखी फिरत असतानाही दुसरी बाजू एकसारखी फिरत नाही. एका फेऱ्यात ती दोनदा पुढे पळते, दोनदा मागे रेंगाळते. सतराव्या शतकात रॉबर्ट हूकनं या जोडाचा अभ्यास केला, म्हणून त्याला हूकचा जोड म्हणतात. त्याआधीच्या शतकातल्या कार्दानोचंही नाव त्याला चिकटलेलं आहे. तिरकेपणा 10 अंशांचा असेल तर हे पुढे-मागे होणं दीड टक्क्याचं असतं, 14 अंशांना तीन टक्के, 20 अंशांना सहा. कोन दुप्पट केला की त्रास चौपट होतो. म्हणून दोन इंच उचललेली जीप निभावून जाते आणि चार इंच उचललेली थरथरायला लागते.

यावर उपाय त्या जोडातच आहे. शाफ्टच्या दोन टोकांना दोन जोड असतात. दोन्हीकडचा कोन सारखा असेल आणि दोन्हीकडचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे काटे, एका रेषेत असतील, तर पहिल्या जोडानं बिघडवलेली गती दुसरा जोड सुधारतो. त्यासाठी ट्रान्सफर केसचा आऊटपुट आणि हाऊसिंगचं पिनियन एकमेकांना समांतर हवेत. कारखान्यातून गाडी निघते तेव्हा ते तसे ठेवलेले असतात. उंच करणारा माणूस हे बघत नाही.

मोबाइलमधलं लेव्हलचं अ‍ॅप फ्लँजवर टेकवून आम्ही कोन मोजले. शाफ्ट खालून धरून दाखवायला मिस्त्रींचा पोरगा होता. ट्रान्सफर केसकडे 14 अंश, पिनियनकडे जेमतेम 4. चार अंशांचा जोड चौदा अंशांची भरपाई करू शकत नाही, जवळजवळ सगळा झटका ट्रान्सफर केसमध्ये जातो. दांडा आधी का थरथरायचा, ते इथे कळलं.

आणि हे 14 आणि 4 कुठून आले? लांब शॅकलमधून. या जीपच्या पुढच्या पाट्याचं शॅकल बंपरकडच्या टोकाला आहे. ते लांब केलं की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, त्याच्याबरोबर अख्खं हाऊसिंग पुढे झुकतं आणि मागे तोंड करून असलेलं पिनियन वर बघायला लागतं. डोळ्याला हे चांगलं दिसतं. पिनियन सरळ शाफ्टकडे बघतंय, मग बिघडलं काय? बिघडलं ते दुसऱ्या टोकाला. शिवाय त्याच हाऊसिंगच्या दोन टोकांना स्टेअरिंगचे नकल आहेत. हाऊसिंग पुढे झुकलं की कास्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागचा कल, कमी होतो, वळणानंतर स्टेअरिंग आपणहून सरळ होत नाही आणि सरळ रस्त्यावर गाडी भटकते. ही जीप भटकत होती. मित्र ते टायरच्या नावावर खपवत होता.

इथे मला मिस्त्रींचं फार मोल वाटलं. डबल कार्डनचा शाफ्ट बाहेरून मागवा, म्हणजे ट्रान्सफर केसच्या टोकाला दोन क्रॉसचा जुडवा जोड बसवा, असं सांगणं सोपं होतं. उंची खूप ठेवायची असेल तर तो मार्ग खरा आहे. पण त्यात पिनियन शाफ्टकडे बघतच ठेवावं लागतं आणि पुढच्या अ‍ॅक्सलला तसं केलं की कास्टर जातो तो जातोच. मिस्त्रींचं म्हणणं सरळ होतं. "कंपनीचं शॅकल घाला. जादा पाटा ऱ्हाऊ दे. ऱ्हायलेलं फाचरीवर काढू." फाचर म्हणजे पाटा आणि अ‍ॅक्सलची बैठक यांच्यामधली लोखंडी पाचर. या जीपचे पाटे अ‍ॅक्सलच्या खाली आहेत, म्हणून फाचरीची जाड बाजू बंपरकडे घ्यायची. हाऊसिंग मागे झुकतं, पिनियन खाली येतं, दोन्ही कोन जवळ येतात आणि कास्टरही परत मिळतो. एका फाचरीनं दोन्ही कामं होतात. पाटे अ‍ॅक्सलच्या वर असतील तर बाजू उलटी, हे लक्षात ठेवायचं.

शाफ्ट बाकावर घेतला तेव्हा क्रॉसची अवस्था दिसली. पकडीनं लॉक काढले, सॉकेट ठेवून हातोडीनं एकेक कप बाहेर ठोकला. पहिल्या कपातून ग्रीसऐवजी लालसर भुकटी पडली. ग्रीस कधीच धुऊन गेलं होतं आणि सुयांचा गंज झाला होता. कपाच्या आत सुईच्या जाडीचे बेअरिंग कडेकडेनं उभे असतात. त्यांतले काही तुटून कप अर्धा रिकामा होता. क्रॉसचा दांडा पुसून मिस्त्रींनी माझ्यापुढे धरला. "नख फिरवा." नख एकेका सुईच्या खुणेत अडकत गेलं. गुळगुळीत असायला हवा त्या पोलादावर रेघोट्या उमटल्या होत्या, आणि त्याही एकाच बाजूला, ज्या बाजूनं तिरकेपणाचा भार येत होता तिथे. एवढा पुरावा हातात आल्यावर आणखी सांगण्यासारखं काही राहिलं नाही.

क्रॉस आणि शॅकल जयसिंगपूरहून यायचे होते, फाचरी गावातल्या एका लेथवाल्याकडे शेपरवर होणार होत्या. संध्याकाळपर्यंतचा वेळ होता. शाफ्ट गॅरेजातच ठेवून आम्ही खिद्रापूरला निघालो. निघण्याआधी नदीकाठच्या घाटावर संताजी घोरपड्यांच्या समाधीपाशी थांबलो. गावातून जाताना मित्रानं मशिदी दाखवल्या. गणेशोत्सवात इथल्या पाच मशिदींमध्ये गणपती बसतो आणि मोहरम त्याच दिवसांत आला तर पीर आणि गणपती शेजारी-शेजारी असतात.

अकिवाटकडे जाताना घरांच्या भिंतींवर पुराच्या रेषा दिसतात. 2005, 2019, 2021. काही ठिकाणी रेषा दाराच्या चौकटीच्या वर आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा सगळ्या एकदम फुगल्या आणि शिरोळ तालुक्यातली गावं बेटं झाली. जीप उंच करण्याचं समर्थन इकडे हेच दिलं जातं: पूर येतो, उंच गाडी बरी. पण याच अकिवाट-बस्तवाड रस्त्यावर 2024 च्या ऑगस्टमध्ये पुराच्या पाण्यातून निघालेली ट्रॅक्टर-ट्रॉली उलटून माणसं वाहून गेली. ट्रॅक्टरचं मागचं चाक छातीएवढं उंच असतं. त्याला जे पाणी आवरलं नाही, ते दोन इंच लांब शॅकलला आवरेल असं मानणं धोक्याचं आहे. वाहत्या पाण्यात गाडी उंचीवर तरत नाही, ती बाजूनं ढकलली जाते.

खिद्रापूरचं देऊळ दुपारच्या उन्हात पाहिलं. स्वर्गमंडपाला माथ्यावर छप्पर नाही. वर मोकळं गोल आकाश, खाली बरोबर तेवढीच गोल शिळा आणि भोवती खांबांची वर्तुळं, एकूण 48 खांब. शिलाहारांच्या काळातलं हे काम. खांबांवरची गोल वळी इतकी काटेकोर आहेत की लेथवर उतरवल्यासारखी वाटतात. त्या कारागिरांनी मध्य आधी नीट धरला आणि मग बाकीचं उभं केलं, हे खालच्या शिळेवर उभं राहिलं की कळतं. देवळात नंदी नाही. तो कृष्णेपलीकडे यडूरला आहे, असं लोक सांगतात.

परत आलो तेव्हा नवे क्रॉस बसले होते. मिस्त्री निपलमधून ग्रीस दाबत होते, चारही कपांच्या कडेनं ताजं ग्रीस बाहेर येईपर्यंत. एका कपातून येईना, तर तो पुन्हा खोलला, सुया सरळ केल्या आणि मगच पुढे गेले. स्लिप जॉइंट खडूच्या रेघेवर बसवला, पण बसवण्याआधी दोन्ही योक खरोखर एका रेषेत आहेत का ते डोळा लावून पाहिलं. ते एका दातानं चुकलेले निघाले. पूर्वी कुणीतरी शाफ्ट काढून बिनखुणेचा परत बसवला होता. खडूची रेघ पुसून त्यांनी दात बदलला. जुनी खूण बरोबरच असेल असं न धरता तपासून बघणं, ही सवय मी मोठमोठ्या वर्कशॉपमध्येसुद्धा फार थोड्यांच्या हातात पाहिली आहे.

शॅकल, फाचरी, बोल्ट झाल्यावर पुन्हा कोन मोजले. ट्रान्सफर केसकडे 10, पिनियनकडे 9. जीप दीड-पावणेदोन इंच खाली आली होती. मित्राच्या चेहऱ्यावर त्याचं थोडं वाईट वाटलेलं दिसलं. शिरोळच्या पुढे सरळ रस्ता लागला, काटा पंचावन्न, साठ, सत्तर ओलांडून गेला. ऐंशीला टायरचा रुंद आवाज तेवढा राहिला. वळणानंतर स्टेअरिंग हातातून आपणहून सरळ होत होतं. मग तोच म्हणाला की आता उंची आणखी थोडी गेली तरी चालेल.

जीप उंच करायचा बेत असलेल्यांना माझं सांगणं आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाहनाच्या मूळ रचनेत असे फेरफार करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानं 2019 च्या जानेवारीत ते पुन्हा बजावलं आहे, हे आधी वाचा. विकत घेतलेली जीप आधीच उंच असेल तर टायरवर खर्च करण्याआधी पुढचा शाफ्ट उतरवून एक फेरी मारा. आठ बोल्टांचं काम आहे. दोन्ही टोकांचे कोन मोजा आणि त्यांत दोन-तीन अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर शॅकलपासून सुरुवात करा. आणि कृष्णाकाठच्यांनो, पुराचं पाणी रस्त्यावर आलं की गाडी कितीही उंच असली तरी दारातच ठेवा. पाण्यात उभी राहिलीच, तर पाणी ओसरल्यावर चालवण्याआधी सगळ्या क्रॉसना ताजं ग्रीस मारा आणि दोन्ही हाऊसिंगचं तेल काढून बघा. दुधाळ दिसलं तर बदलून टाका.